गेटवरची खुर्ची

सन्माननीय अध्यक्ष विठ्ठलराव, व्यासपीठावर बसलेले आपल्या वॉर्डातल्या सरकारी आरोग्य केंद्राचे प्रमुख डॉक्टर नागराज सर, जिच्यासाठी आज आपण सगळे जमलो ती सत्कारमूर्ती गंगव्वा अक्का, मंडळाचे जुने-नवे सभासद, जमलेल्या सगळ्या भगिनी, आणि मागच्या रांगेत माझ्या भाषणापेक्षा मसालेभाताच्या वासाकडे जास्त लक्ष ठेवून बसलेले माझे मित्र, आपणां सर्वांना मधुकर चव्हाणचा नमस्कार.

नागराज सरांना मराठी येत नाही. म्हणून त्यांच्या शेजारी आपला खजिनदार योगीराज बसला आहे, तो माझं बोलणं त्यांच्या कानात कन्नडमधून सांगणार आहे. योगीराज, तुला एकच विनंती. मंडळाच्या सभेचं इतिवृत्त लिहिताना तू भांडणाला 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहितोस. आज तसं करू नकोस. मी जसं बोलतो तसंच सरांना सांग.

आपल्यापैकी नवीन मंडळींसाठी सांगतो. मी बेंगळूरच्या या मराठी मंडळाचा अकरा वर्षं कार्यवाह आहे. इथं चामराजपेटेत आमचा छापखाना आहे, आजोबांपासूनचा. या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या लग्नपत्रिका आम्ही छापल्या आहेत. उरलेल्या निम्म्यांनी दुसरीकडे छापल्या, तेही मला ठाऊक आहे, आणि त्यांत किती चुका होत्या तेही. विठ्ठलराव मला म्हणाले, "मधू, तू अक्काचं कौतुक कर आणि दहा मिनिटांत आटप." त्याप्रमाणे मी भाषण लिहिलं. छापूनच आणलं, चार पानं, मोठा टाइप, प्रूफ तीनदा तपासलेलं. ते माझ्या या खिशात आहे. दुसऱ्या खिशात आणखी एक कागद आहे, लहानसा. कुठल्या खिशात हात घालायचा हे व्यासपीठाची पायरी चढेपर्यंत माझं ठरत नव्हतं. आता ठरलं आहे, पण सुरुवात पहिल्या खिशापासून करतो, कारण त्यातलं सगळं खरं आहे.

गंगव्वा अक्का निपाणीजवळच्या एका खेड्यातली. चौतीस वर्षं सरकारी नर्स. दवाखान्यात कन्नड, आपल्याशी मराठी, मार्केटातल्या हमालांशी हिंदी, आणि रागावली की तिन्ही एकदम. पोलिओच्या डोसाच्या एका रविवारी मी तिला मार्केटच्या स्टॉपवर बस अडवताना पाहिलं आहे. ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, स्वल्प बेगा." म्हणजे जरा लवकर उरका. अक्का म्हणाली, "पोरांची तोंडं उघडायला वेळ लागतोय. तू आधी गाडी बंद कर." त्याने गाडी बंद केली. प्रवासी वैतागले, पण बसमधली सगळी पोरं थेंब घेऊनच पुढे गेली. आपल्या विठ्ठलरावांची साखर कुणी पकडली? अक्काने. इथंच, याच सभागृहात, त्यांच्या मुलाच्या लग्नात, तिसरी जिलेबी हातात असताना. विठ्ठलराव, हसा, हसा. आज तुम्हाला एकही वाढायची नाही असा तिचा हुकूम आहे.

इथपर्यंत ठीक. आता व्यासपीठाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या त्या खुर्चीकडे या.

आपली जुनी लोखंडी खुर्ची आहे. पत्रा एका बाजूने दबलेला, रंग उडालेला. तिला आज कुणीतरी झेंडूची माळ घातली आहे. महिन्यापूर्वी कार्यकारिणीने अक्काला विचारलं, निरोपाला तुला काय भेट देऊ? आमच्या मनात चांदीची समई होती. अक्का म्हणाली, "समई नको. मला तुमच्या गेटवरची खुर्ची द्या." आम्ही सगळे हसलो. आत्ता सूत्रसंचालनात ही गोष्ट सांगितली तेव्हा तुम्हीही हसलात. अक्का फार साधी, तिला काही नको, असंच सगळ्यांना वाटलं. त्या सभेत मी सगळ्यांत मोठ्याने हसलो, आणि घरी जाऊन जेवलो नाही. तिने ती खुर्ची का मागितली हे या सभागृहात दोनच माणसांना माहीत आहे, एक ती आणि एक मी.

गेल्या वर्षी जानेवारीत आरोग्य केंद्राची इमारत गळायला लागली आणि दुरुस्तीला निघाली. तेव्हा आपण मोठ्या मनाने म्हटलं, दर गुरुवारी आमचं सभागृह वापरा. तपासणी, लसीकरण, थुंकीचे नमुने, सगळं इथं. चांगलंच काम होतं, त्याचा मला आजही अभिमान आहे. पहिल्या दोन गुरुवारी फार गर्दी झाली. मार्केटच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांतली माणसं आली, नेपाळी, बंगाली, ओडिया, बिहारी. चपलांचा ढीग पडला. नळ चालू राहिला. कुणीतरी जिन्यात थुंकलं. आणि आपल्यातली एक तक्रार आली, नाव सांगत नाही, की आमच्या म्हाताऱ्या आईला ब्लडप्रेशर बघायला दीड तास थांबावं लागलं.

मग आपण आतल्या खोलीत, दार लावून, चहा मागवून सभा घेतली. तिथं एक सूचना आली की यायला कार्ड ठेवावं. वॉर्डात ज्याचं घर किंवा दुकान आहे त्याने आपल्या माणसाच्या नावाचं कार्ड भरून द्यायचं, कार्यवाहाने सही-शिक्का करायचा, मग गेटवर सोडायचं. सूचना कुणाची? माझी. कार्ड कुणी छापलं? मी, सेवा म्हणून. गुलाबी रंग, दोन शाई, कोपरे गोल कापलेले. तुम्ही सगळ्यांनी ते हातात घेऊन वा वा केलं होतं, आठवतं? त्या कार्डात छपाईची एकही चूक नव्हती.

सरकारने असं कार्ड मागितलं होतं का? नाही. नागराज सरांना विचारलं होतं का? तेही नाही. सर, क्षमा करा, हे तुम्ही आज पहिल्यांदा ऐकताय, योगीराज सांगतोय ना? तुम्ही आत होतात, अक्का आत होती, आणि गेट होतं बाहेर गल्लीत. गेटपाशी खुर्ची टाकून मी बसायचो. ज्याच्याकडे कार्ड, तो आत. ज्याच्याकडे नाही, त्याला मी म्हणायचो, "मालकांकडून घेऊन या." अगदी गोड बोलून. मी कुणावर ओरडलो नाही. किती माणसं परत पाठवली असतील? मी मोजली नाहीत.

अक्काच्या लक्षात आलं होतं, हां. मार्चमध्ये एकदा काम संपल्यावर बाहेर येऊन ती मला म्हणाली, "अण्णा, मागच्या खोल्यांतली माणसं का येईनात?" मी म्हणालो, होळीला गावी गेली असतील. तोंडातून सहज निघालं ते. ती बरं म्हणून गेली.

आता माझ्या घरात या. तिसऱ्या रांगेत माझी पत्नी शकुंतला बसली आहे. तिच्या शेजारी निळ्या फ्रॉकमध्ये आमची नात दिव्यश्री, जी आत्ता पायातला बूट काढून बघते आहे. शकुंतलेचे गुडघे गेल्यापासून आमच्याकडे स्वयंपाकाला मनमाया नावाची बाई येत होती. मनमाया तामांग, नेपाळची, नऊ वर्षं बेंगळूरमध्ये. नवरा शेजारच्या इमारतीत वॉचमन. आमच्या घरातलं मराठी ती शिकली होती. मला साहेब न म्हणता अण्णा म्हणायची, आणि दिव्यश्रीला मांडीवर घेऊन चपातीच्या पिठाचे हत्ती करून द्यायची. माझ्या नातीचं जेवण म्हणजे मनमायाची मांडी, असंच दोन वर्षं चाललं होतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिला खोकला लागला. तीन आठवडे झाले तरी जाईना. शकुंतलेने स्वतः एक गुलाबी कार्ड घेतलं, स्वतःच्या अक्षरात भरलं, आणि माझ्या छापखान्यातल्या टेबलावर ठेवून म्हणाली, "अहो, हिला येत्या गुरुवारी दाखवून येऊ दे. तेवढी सही करा."

मी सही केली नाही.

का नाही केली? मी तेव्हा काय विचार केला ते जसंच्या तसं सांगतो. मला वाटलं, एकीला दिलं की पत्र्याच्या खोल्यांतली सगळी रांग दारात उभी राहील. आणि मला भीती वाटली. कार्डावर मंडळाचा शिक्का, माझी सही, आमचा पत्ता. परदेशातली बाई. उद्या तिने हे कुठे रहिवासाचा पुरावा म्हणून दाखवलं तर? कुणी चौकशीला आलं तर? तपासणीला सोडायचा एक गुलाबी तुकडा, मीच छापलेला, आणि मला तो सरकारी दस्तऐवज वाटायला लागला. मी मनात म्हटलं, सरी, ठीक आहे, पुढच्या आठवड्यात बघू, आणि कार्ड खणात टाकलं. संध्याकाळी शकुंतलेने विचारलं, "दिलंत का कार्ड?" मी म्हणालो, "हो, दिलं."

एका गुरुवारी मनमाया स्वतः आली होती. गेटच्या पलीकडे रस्त्यावर उभी राहिली, ओढणी तोंडावर धरून. मला बघून तिला बरं वाटलं असावं, ओळखीचा माणूस बसलाय म्हणून. माझ्यासमोर चार माणसं होती. मी तिला हाताने खूण केली, नंतर. तिने मान हलवली आणि गेली. दुपारी मी जेवायला घरी गेलो तेव्हा चपात्या गरम होत्या.

एप्रिलमध्ये ती कामावर यायची बंद झाली. शकुंतलेला एवढंच म्हणाली, "गावी जाते." मी जेवताना काय म्हणालो ते माझ्या सुनेला आठवत असेल. मी म्हणालो, ही माणसं अशीच, आज इथं, उद्या दुसरीकडे, यांना काही धरबंध नाही.

जुलैत दिव्यश्रीला संध्याकाळचा ताप यायला लागला. वजन उतरलं. मानेला गाठ आली. राजाजीनगरच्या एका मोठ्या खाजगी डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या, आणि त्यांनी माझ्या मुलाला समोर बसवून सांगितलं, टीबी आहे. टीबी? आमच्या घरात? आम्ही पाणी उकळून पितो. बाहेरचं खात नाही. मी डॉक्टरांना म्हणालो, रिपोर्ट कुणाचा तरी बदलला असेल, नीट बघा. छापखान्यात होतं असं, एकाच्या पत्रिकेवर दुसऱ्याचं नाव. त्यांनी मला नाव दाखवलं. दिव्यश्री चव्हाण, वय सहा. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

खाजगी डॉक्टरांनाही टीबीचा रुग्ण सरकारला कळवावा लागतो. तसं त्यांनी कळवलं, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या दारात कोण? गंगव्वा अक्का. तिने पोरीला जवळ घेतलं, गोळ्या कशा द्यायच्या ते सुनेला समजावलं, आणि मग मला विचारलं, "अण्णा, घरात खोकणारं कोण हाय?"

मी म्हणालो, कुणी नाही.

"लहान पोराला हे उगंच हुत न्हाई. मोठ्या माणसाकडनं येतंय. एका खोलीत, जवळ बसून. नीट आठवा."

शकुंतला आतून म्हणाली, "मनमायाला खोकला होता. पण ती गुरुवारी हॉलमध्ये जाऊन दाखवून आली होती."

अक्का म्हणाली, "माझ्याकडं तर आली न्हाई."

सभागृहात माइक हातात असला की मला थांबवता येत नाही हे तुम्ही जाणता. त्या दिवशी मी माझ्याच घरात गप्प बसलो.

मनमाया गावी गेलीच नव्हती. अक्काने पाच दिवस शोध काढला. वॉचमन नवऱ्याची नोकरी सुटली होती आणि दोघं येलहंक्याच्या पलीकडे एका बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. अक्काने तिला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. दोन्ही फुप्फुसं गेली होती. अक्काने तिला विचारलं, काम सोडून इतक्या लांब का आलीस ग? तर ती काय म्हणाली असेल? ती म्हणाली, "खोकला वाढला. घरात छोटी आहे. मांडीवर बसायचा हट्ट करते. नाही कसं म्हणू? म्हणून गावी जाते सांगितलं."

ऐकलंत ना? मी गुपचूप कार्ड खणात टाकलं, आणि तिने माझी नात वाचावी म्हणून हातातली भाकरी सोडली. ही माणसं अशीच, असं मी जिच्याबद्दल जेवता जेवता म्हणालो होतो त्या बाईने.

एकोणीस दिवसांनी ती दवाखान्यातच वारली. एकतीस वर्षांची होती.

क्षमा करा, थोडं पाणी घेतो.

आमच्याकडे बातमी आली तेव्हा शकुंतला रडली आणि मला म्हणाली, "आपण वेळेवर कार्ड दिलं होतं, तरी बिचारीने दाखवलं नाही बघा." मी त्यावर काहीही बोललो नाही. आजपर्यंत बोललो नाही.

दोन दिवसांनी अक्का छापखान्यात आली. मशीन चालू होतं, ते तिने बंद करायला सांगितलं. म्हणाली, "अण्णा, मी तिला विचारलं हुतं. मी दर गुरुवारी तिथंच बसले हुते, हॉल तुझ्या घरापासनं दोन गल्ल्या, मग आली का न्हाईस? तर म्हणाली, अजून कार्ड मिळालं नाही."

अजून! मरणाच्या दारात पडलेली बाई माझ्यावर विश्वास ठेवून होती की अण्णा देतील, कामात असतील. मी खण उघडला. कार्ड वरच होतं. अक्काने ते वाचलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "रोग काय पत्ता विचारून येतोय व्हय, अण्णा?" एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पिशवी उचलून मार्केटच्या मागच्या खोल्यांकडे गेली.

तिथं तिने आणि तिच्या सोबतच्या मुलींनी घरोघर फिरून त्रेपन्न माणसांची थुंकी तपासली. त्यातल्या पाच जणांना टीबी निघाला. ते कोण होते? दोघी आपल्याच गल्लीतल्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या. एक आपल्या सभासदाचा ड्रायव्हर. एक भाजीवाला. आणि पाचवा त्या समोरच्या कॅन्टीनमधला माणूस, जो मंडळाच्या सभांना चहा आणून आतल्या खोलीत एकेकाच्या हातात देत उभा राहायचा. दार लावून आपण कार्डाचा ठराव केला तेव्हा तो त्या खोलीत होता, खोकत होता. बशा वाजतात म्हणून आपण त्याला दटावलं होतं, खोकल्याबद्दल कुणी विचारलं नाही. घाबरू नका. पाचही जणांनी पुरे सहा महिने औषधं घेतली, पाचही बरे आहेत. कपबशीतून हा आजार येत नाही, बंद खोलीतल्या श्वासातून येतो, असं अक्का सांगते. पण मला सांगा, दर गुरुवारी ते पाच जण आत आले असते तर?

आणि कुणाच्या मनात येत असेल की शेवटी आजार आणला त्यांनीच, तर तेही ऐका, कारण मीही अक्काला हेच म्हणालो होतो. ती म्हणाली, "आणला? कुठनं? तुमच्याकडं यायच्या आधी ती राजाजीनगरात एका आजोबांची सेवा करत हुती. पोट साफ करायची, पाठ चोळायची. त्यांना टीबी हुता. घरच्यांनी तिला सांगितलं न्हाई, बाई काम सोडंल म्हणून." खात्रीने कोण सांगणार, असंही ती म्हणाली. पण ते घर मला माहीत आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी छापली होती. आपलेच लोक आहेत.

आमचे आजोबा या पेठेत आले तेव्हा त्यांना तरी कोण ओळखत होतं? सांगलीकडून एक पेटी घेऊन आले. विषमज्वराने पडले तेव्हा एका कन्नड वैद्याने त्यांना स्वतःच्या पडवीत तीन आठवडे ठेवून घेतलं, ही गोष्ट मी दर वर्धापनदिनाला याच माइकवरून सांगतो. सांगतो आणि टाळ्या घेतो. त्या वैद्याने पत्ता विचारला असता तर आजोबा काय सांगणार होते?

मग मी काय केलं? कार्डं बंद केली? नाही. मी गुडघा दुखतो असं सांगून गेटवरच्या खुर्चीवर बसणं बंद केलं. विठ्ठलरावांनी पाळीपाळीने दुसरी माणसं बसवली, बिचाऱ्यांना यातलं काही माहीत नाही. कार्ड चालूच राहिलं. गेल्या गुरुवारीसुद्धा चालू होतं. कार्डं संपत आली तेव्हा नवीन हजार मीच छापून दिली. सात महिने. दिव्यश्रीच्या गोळ्या रोज सकाळी मी माझ्या हाताने दिल्या, तिचा कोर्स गेल्या महिन्यात संपला, गाठ गेली, वजन वाढलं. त्यातल्या प्रत्येक सकाळी मला वाटायचं, आज सांगू. आणि मी छापखान्यात जायचो.

अक्काने कुणाला एका शब्दाने सांगितलं नाही. ती वाट बघत होती. आणि जाता जाता तिने खुर्ची मागितली.

आता दुसरा खिसा. हे ते कार्ड. वाचतो. "नाव: मनमाया तामांग. वय: एकतीस. पत्ता: मधुकर चव्हाण यांचे घरी. त्रास: खोकला, तीन आठवडे." अक्षर शकुंतलेचं आहे. खाली लिहिलं आहे, कार्यवाहाची सही. तिथं रेघ आहे, सही नाही.

शकुंतला, तू मला विचारलं होतंस आणि मी हो म्हणालो होतो. ते खोटं होतं. मनमायाने दाखवलं नाही असं तू इतके महिने धरून बसली आहेस, तिचा काही दोष नव्हता. हे घरात सांगायला हवं होतं, चारचौघांत नव्हे, पण घरात माझी जीभ उचलली नाही. तू उठून जाऊ नकोस. जायचंच असेल तर दिव्यश्रीला तिथंच राहू दे, तिला आज अक्काला फूल द्यायचं आहे.

विठ्ठलराव, तुम्ही मघापासून घड्याळाकडे बघताय, मला कळतं. कार्यवाहपदाचा राजीनामा मी छापून आणलेला नाही, आत्ता तोंडी देतो, इतिवृत्तात घ्या. येत्या गुरुवारी अक्काच्या जागी नवीन नर्सबाई येतील. दुरुस्ती अजून चार महिने चालणार आहे. त्या चार महिन्यांत गेटवर काय करायचं ते तुम्ही ठरवायचं आहे. नवीन हजार कार्डांतली उरलेली सातशे मी सकाळीच छापखान्यातल्या कटिंग मशीनखाली घातली. पुन्हा हवी असतील तर दुसरा छापखाना बघा. चपलांसाठी मांडणी मी करून देतो, जिना मी धुतो, नळापाशी मी उभा राहतो. माझा गुडघा ठणठणीत आहे.

अक्का, तुझं कौतुक करायला मला उभं केलं होतं आणि मी स्वतःचंच गाऱ्हाणं सांगत बसलो. चौतीस वर्षांत तू कुणालाही, कुठून आलास म्हणून विचारलं नाहीस, कधीपासून खोकतोस एवढंच विचारलंस. हे माझ्या चार छापील पानांत नव्हतं. ती पानं मी तुला नंतर देतो, त्यात तुझ्या बदल्यांच्या तारखा बरोबर आहेत.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. सगळं तसंच्या तसं सांगितल्याबद्दल योगीराजचे आभार, सरांचा चेहरा बघून कळतंय की त्याने काही गाळलं नाही. सर, तुमचे आभार मानायला मला तोंड नाही. तुम्ही सगळ्यांनी जेवण थांबवून ऐकलंत, त्याबद्दल तुमचेही आभार. बोलण्यात काही उणंदुणं झालं असेल तर सांभाळून घ्या, असं म्हणून खाली बसायची आपली रीत आहे. बोलण्यातलं तेवढं सांभाळून घ्या. कार्डाचं सांभाळून घेऊ नका.

चला अक्का, बाहेर ऑटो उभी आहे. खुर्ची मी उचलतो.